स्त्रियांच्या परिषदा आणि प्रश्नांची निवड : रामटेक-नागपूर परिसरांतील एक प्रकरण (१९२७-१९४२)

रामटेकच्या डोंगराचा आणि स्त्रीच्या सार्वजनिक कर्तृत्वाचा संबंध फार जुना आहे. वाकाटक नृपति दुसरा रुद्रसेन याची राणी व गुप्त सम्राट् दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिनें पतीच्या निधनानंतर मुलांच्या अल्पवयांत राज्याचा कारभार पाहिला. तिच्या रिद्धपूर ताम्रपटांतील दान रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून दिलेलें आहे. आणि हा रामगिरि म्हणजे आपलें रामटेकच होय, हें म. म. वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें आहे. रामटेकाजवळील नगरधन, म्हणजे जुनें नंदिवर्धन, येथें अलीकडे झालेल्या उत्खननांत या राणीच्या नांवाची मृण्मुद्राही सांपडली. सोळाशें वर्षांपूर्वीं या परिसरांत एका स्त्रीच्या मुद्रेनें शासनें निघत होतीं, ही गोष्ट आतां निर्विवाद आहे.

परंतु राणीचें शासन निराळें आणि सामान्य स्त्रियांच्या सभेचा ठराव निराळा. शासनाला आज्ञा पुरते. ठरावाला सभासद लागतात, वर्गणी लागते, विषय ठरवावा लागतो, तो दुसऱ्यांच्या गळीं उतरवावा लागतो, आणि सभा उठल्यानंतरही कोणीतरी त्याचा पाठपुरावा करावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशीं कामें करणाऱ्या स्त्रियांच्या संस्था आपल्याकडे उदयास आल्या. त्यांनीं काय मिळविलें याचे वृत्तांत पुष्कळ झाले आहेत. त्यांनीं आपले प्रश्न निवडले कसे, अमुक गाऱ्हाणें 'स्त्रियांचा प्रश्न' म्हणून पुढें आलें व तमुक मागें राहिलें तें कां, याचा विचार मात्र थोडा झाला आहे. रामटेक-कामठी-नागपूर या पट्ट्यांत १९२७ पासून १९४२ पर्यंत घडलेल्या कांहीं गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, तर या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. तेवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. अखिल भारतीय महिला परिषदेची घडण

स्त्रियांनीं स्वतः सभा भरवून सरकारपुढें मागणें मांडण्याची प्रथा महाराष्ट्रांत १९२७ पूर्वींचीच आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज प्रतिपादिली. १९०४ सालीं मुंबईस सामाजिक परिषदेच्या जोडीनें भारत महिला परिषद भरली, तिचें अध्यक्षस्थान रमाबाई रानडे यांनीं भूषविलें. या दोन्हीं प्रसंगीं विषयाची निवड एका समर्थ व्यक्तीनें किंवा पुरुषांच्या सुधारक मंडळीनें घालून दिलेल्या चौकटींत झाली होती. सभासदांनीं खालून वर विषय पाठवावयाचे, ही रीत पुढें आली.

तिचा आरंभ एका बक्षीससमारंभांत झाला. १९२६ सालीं बंगालच्या शिक्षणखात्याचे संचालक ओटन यांनीं कलकत्त्याच्या बेथ्यून कॉलेजांत बोलतांना असें सुचविलें कीं, मुलींच्या शिक्षणाबाबत स्त्रियांना नेमकें काय हवें तें त्यांनीं एकमुखानें सांगावें व मिळेपर्यंत सांगत राहावें. मद्रासच्या 'स्त्रीधर्म' मासिकाशीं निगडित असलेल्या मार्गारेट कझिन्स यांनीं ही सूचना उचलली व देशभरच्या स्त्रियांना पत्रें पाठविलीं. पत्रांचा मथितार्थ इतकाच कीं, प्रथम आपापल्या भागांत लहान परिषदा भरवा, तेथें ठराव करा, प्रतिनिधि निवडा आणि मग एका ठिकाणीं या. त्याप्रमाणें १९२६ च्या उत्तरार्धांत ठिकठिकाणीं स्थानिक सभा झाल्या, आणि जानेवारी १९२७ मध्यें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत पहिलें अधिवेशन भरलें. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या.

या घडणींत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, विषय वरून खालीं आला नाहीं, खालून वर गेला. स्थानिक शाखेनें ठराव करावा, तो विषयनियामक समितीपुढें जावा, तेथें त्याची काटछांट होऊन तो खुल्या अधिवेशनांत यावा, आणि संमत झाल्यावर स्थायी समितीनें तो वर्षभर चालवावा, असा क्रम पडला. दुसरी ही कीं, संस्थेनें आपल्या भोंवतीं एक कुंपण घालून घेतलें. आरंभीं फक्त शिक्षण हाच विषय, आणि पक्षीय राजकारण वर्ज्य. निरनिराळ्या धर्मांच्या, प्रांतांच्या व मतांच्या स्त्रियांनीं एका मांडवांत बसावयाचें, तर वादाचे विषय बाहेर ठेवले पाहिजेत, हा त्यांतील विचार होता आणि तो व्यवहाराला धरून होता.

तथापि कुंपण फार दिवस टिकलें नाहीं. मुलींच्या शिक्षणाची चर्चा सुरू होतांच ती लग्नाच्या वयावर येऊन अडखळली. दहाव्या वर्षीं लग्न होऊन सासरीं जाणाऱ्या मुलीसाठीं हायस्कूल काढून उपयोग काय? पुण्याच्या पहिल्याच अधिवेशनांत बालविवाहाचा निषेध करावा लागला तो यामुळेंच. पुढील दोन-तीन वर्षांत सामाजिक सुधारणा हा विषय शिक्षणाच्या बरोबरीनें परिषदेच्या नांवांत व कार्यांत शिरला. एका प्रश्नानें दुसरा प्रश्न ओढून आणला. कोणी बुद्ध्या धोरण बदललें असें म्हणण्यापेक्षां, विषयाच्या अंगच्या ओढीनें धोरण बदललें असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

२. चळवळीची रीत : शारदा कायद्याचें उदाहरण

निवडलेला प्रश्न परिषद कसा लढवीत असे, हें पाहण्यास बालविवाह-निर्बंधाच्या कायद्याइतकें सोयीचें उदाहरण नाहीं. हरविलास शारदा यांनीं आपलें बिल १९२७ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत आणलें. सरकारनें १९२८ मध्यें या विषयाच्या चौकशीसाठीं संमतिवयाची समिति नेमली. तिचे अध्यक्ष वऱ्हाडांतील सर मोरोपंत जोशी होते व सभासदांत रामेश्वरी नेहरू होत्या. वैदर्भीय वाचकांना ही गोष्ट अभिमानाची वाटण्यासारखी आहे.

परिषदेनें या वेळीं एकाच मार्गावर विसंबून न राहतां अनेक मार्ग एकदम चोखाळले. शाखांनीं आपापल्या गांवीं सभा घेऊन ठराव पाठविले. सह्यांचे अर्ज गेले. पुढाऱ्यांकडे शिष्टमंडळें गेलीं. समितीपुढें साक्षी झाल्या. विधिमंडळांत चर्चा चालू असतां स्त्रिया प्रेक्षकांच्या सज्ज्यांत जाऊन बसल्या व बाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या. या प्रत्येक साधनाचें काम निराळें होतें. अर्जानें संख्या दिसते, साक्षीनें वस्तुस्थिति दिसते, शिष्टमंडळानें पुढाऱ्यावर शब्दाचें ओझें पडतें, आणि सज्ज्यांत बसलेल्या स्त्रीकडे पाहून सभासदाला तोंड लपवितां येत नाहीं. सप्टेंबर १९२९ मध्यें कायदा संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. मुलीचें वय १४ व मुलाचें १८ ठरलें.

कायदा झाला, परंतु त्यांत कच्चेपणा फार होता. कायद्याविरुद्ध लागलेलें लग्न रद्द होत नसे, फक्त दंड वा शिक्षा होई, आणि फिर्याद करण्यास कोणीतरी पुढें यावें लागे. गांवांत शेजाऱ्याविरुद्ध फिर्याद कोण करणार? म्हणून परिषदेला कायद्यानंतरही दुरुस्तीची मागणी करीत बसावें लागलें, व १९३८ सालीं कांहीं दुरुस्त्या झाल्या. यावरून संस्थेनें एक धडा घेतला असावा : कायदा हा चळवळीचा शेवट नसून मधला मुक्काम आहे. त्यानंतरच्या प्रश्नांत ही जाणीव स्पष्ट दिसते. हिंदु स्त्रीच्या वारसाहक्काची व घटस्फोटाची मागणी परिषदेनें १९३४ पासून सातत्यानें चालविली. त्या वर्षीं नोव्हेंबरांत स्त्रियांच्या कायदेशीर अपात्रतेविरुद्ध एक दिवस देशभर पाळण्यांत आला. विशिष्ट दिवस ठरवून सर्व शाखांनीं एकाच वेळीं एकच ठराव करावयाचा, ही युक्ति अल्प खर्चांत पुष्कळ आवाज उठविणारी होती. १९३७ चा डॉ. गो. वि. देशमुख यांचा हिंदु स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा याच वातावरणांत झाला.

३. प्रतिनिधित्वाचा प्रश्न

निवडीचा कस लागला तो प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर. गोलमेज परिषदेच्या काळांत अखिल भारतीय महिला परिषद व तिच्या दोन भगिनी-संस्था यांनीं संयुक्त निवेदन करून प्रौढ मताधिकार मागितला आणि स्त्रियांसाठीं राखीव जागा नकोत असें सांगितलें. आम्हांस मेहेरबानी नको, समान मैदान द्या, अशी ही भूमिका. तात्त्विक दृष्ट्या ती उदात्त होती. तथापि १९३५ च्या कायद्यानें राखीव जागा ठेवल्याच. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ सभासदांच्या विधानसभेंत स्त्रियांसाठीं ३ जागा ठरल्या. १९३७ च्या निवडणुकीनंतर त्या विधानसभेच्या उपाध्यक्षपदीं नागपूरच्या अनसूयाबाई काळे निवडल्या गेल्या. या बाई १९२८ सालीं प्रांतिक कौन्सिलांत नियुक्त झाल्या होत्या, पुढें १९५२ मध्यें नागपुरांतून लोकसभेवर निवडून आल्या. ज्या जागा मागितल्या नव्हत्या त्या मिळाल्या, आणि स्त्रियांनीं त्यांचा उपयोगही केला.

येथें एक शंका सहज मनांत येते. 'राखीव जागा नकोत' असें म्हणणें कोणाला परवडतें? जिच्या घरीं वकील आहेत, जिला इंग्रजी येतें, जिच्या नांवाला समाजांत मान आहे, तिला समान मैदानाची भीति नसते. जिला मैदानाच्या कडेलाही उभें राहूं देत नाहींत, तिची गोष्ट वेगळी. ही शंका नागपुरांत लवकरच प्रत्यक्षांत आली.

४. नागपूरचें अधिवेशन, १९३७

अखिल भारतीय महिला परिषदेचें बारावें अधिवेशन १९३७ च्या डिसेंबरअखेर नागपुरास भरलें. राजकुमारी अमृत कौर अध्यक्ष होत्या. परिषदेनें तोंपर्यंत अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केलेले होते, म्हणजे हा प्रश्न तिच्या पत्रिकेवर नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. या अधिवेशनास नागपुरांतील दलित स्त्रियाही गेल्या होत्या. त्यांत जाईबाई चौधरी होत्या.

जाईबाई कोण हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांचा जन्म १८९२ सालीं उमरेड येथें झाला. दुष्काळामुळें कुटुंब नागपुरास आलें. लहान वयांत लग्न झालें. पोटासाठीं नागपूर-कामठीच्या दरम्यान डोक्यावरून ओझीं वाहण्याचें काम त्यांनीं केलें. पुढें एका मिशनरी बाईच्या साह्यानें लिहिणें-वाचणें शिकून मिशनच्या शाळेंत शिक्षिका झाल्या. परंतु वरच्या जातींच्या पालकांनीं हरकत घेतल्यानें ती नोकरी गेली. १९२२ सालीं त्यांनीं नागपुरांत चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा स्वतःच काढली. शिक्षण हा महिला परिषदेचा जो मूळ विषय, त्यांत या बाईंचा अधिकार कोणत्याही प्रतिनिधीहून कमी नव्हता.

या अधिवेशनांत जेवणाच्या वेळीं दलित स्त्रियांना निराळें बसविण्यांत आलें. मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनीं जुन्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून लिहिलेल्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथामुळें ही आठवण टिकून राहिली. दलित स्त्रियांनीं हा अपमान गिळला नाहीं. १ जानेवारी १९३८ रोजीं, म्हणजे लगोलग, त्यांनीं नागपुरांत निषेधाची मोठी सभा घेतली आणि आपली संघटना वेगळी उभारण्याचा निश्चय केला.

हा दोष अमुक एका व्यक्तीवर टाकून मोकळें होणें सोपें आहे, पण इतिहासकाराला तें शोभणार नाहीं. ठराव हे सभामंडपांत संमत होतात, पंगत मात्र स्वयंपाकघराच्या नियमांनीं बसते. विषयनियामक समितीनें जो प्रश्न निकालांत काढला असें मानलें, तो भोजनगृहाच्या दारांत जसाच्या तसा उभा होता. याचें कारण असें कीं, अस्पृश्यता हा परिषदेच्या पत्रिकेवरील अनेक विषयांपैकीं एक विषय होता. तो विषय ज्यांच्या अंगावर होता त्या स्त्रिया विषय ठरविणाऱ्यांत नव्हत्या. ज्या संस्थेच्या वहींत जीं नांवें नसतात, त्यांचें दुःख तिच्या ठरावांत आलें तरी तें दुसऱ्याच्या शब्दांत येतें.

५. रामटेकची सभा आणि कामठीचें लोण

दलित स्त्रियांनीं लगोलग सभा घेतली ही गोष्ट आकस्मिक नव्हती. तिच्यामागें या परिसरांत दहा-पंधरा वर्षें चाललेली तयारी होती, आणि तींत रामटेकचें स्थान महत्त्वाचें आहे.

१९२७ सालीं रामटेक येथें किसन फागूजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखालीं अस्पृश्य समाजाची सभा झाली. कामठीचे तरुण पुढारी बाबू हरदास यांनीं तींत आपल्या लोकांस असें आवाहन केलें कीं, रामटेकच्या देवळास जाणें सोडा आणि अंबाळ्याच्या तलावांत स्नान करणें सोडा. त्याच हरदासांनीं १९३० मध्यें नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहास मात्र आपल्याकडील माणसें पाठविलीं. वरवर पाहतां यांत विसंगति दिसते. परंतु थोडा विचार केल्यास तिचा उलगडा होतो. नाशिकास हक्काची परीक्षा होती. रामटेकास सवयीची होती. एका ठिकाणीं दार उघडा म्हणावयाचें होतें, दुसऱ्या ठिकाणीं ज्या दारांत अपमान होतो तेथें आपण होऊन जाऊं नका असें सांगावयाचें होतें.

कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला रामटेकास जाणाऱ्या माणसांत स्त्रियांचा भरणा नेहमींच मोठा असतो. नवस त्यांचे, सोळा सोमवार त्यांचे, तीर्थस्नानाची हौसही त्यांची. तेव्हां देऊळ व तलाव सोडण्याचें आवाहन पुरुषांनीं केलें असलें, तरी त्याचा खरा भार स्त्रियांवर पडला असला पाहिजे. घरांतील बाईनें ठरविल्याखेरीज घराची यात्रा बंद होत नाहीं. चळवळीच्या वृत्तांतांत अशा निर्णयांची नोंद होत नाहीं, म्हणून ते घडलेच नाहींत असें समजूं नये.

कामठीस हरदासांनीं बिडी कामगारांचा संघ उभारला. बिडीचें काम हें या भागांत बायकांचेंही काम आहे. पानें भिजविणें, कापणें, वळणें, दोरा बांधणें, आणि कारखानदाराच्या माणसानें जुड्या तपासून हव्या तितक्या बाद ठरविणें, हा क्रम नागपूर, कामठी व भंडाऱ्याच्या बाजूस घरोघरीं माहीत आहे. नागपुरांतील एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, तेथें दलित स्त्रिया मोठ्या संख्येनें कामाला होत्या. त्यांच्यांतूनच राधाबाई कांबळे यांच्यासारख्या कामगार-पुढारी निघाल्या. रामटेक तहसिलींत मनसर व कांद्री येथील मँगॅनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होत्या. ऑगस्ट १९३० मध्यें नागपुरास डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय दलित वर्गांची परिषद भरली आणि मे १९३२ मध्यें तिचें दुसरें अधिवेशन कामठीस झालें. सभा कशी भरवावी, ठराव कसा लिहावा, वर्गणी कशी जमवावी, याचें शिक्षण या स्त्रियांना अशा ठिकाणीं मिळालें होतें. १९३८ च्या सभेला लोक जमविण्यासाठीं त्यांना कोणाकडे मागणें मागावें लागलें नाहीं तें यामुळेंच.

६. दलित महिला परिषद, १९४२

१८ व १९ जुलै १९४२ रोजीं नागपुरास अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली व तींत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या स्थापनेचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशीं, २० जुलैला, त्याच मांडवांत दलित महिलांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. स्वागताची व व्यवस्थेची धुरा कीर्तिबाई पाटील, इंदिराबाई पाटील प्रभृति नागपूरच्या स्त्रियांनीं वाहिली. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. डॉ. आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूरमंत्री म्हणून नेमणूक नुकतीच झाली होती. त्यांनीं या सभेपुढें भाषण केलें; समाजाच्या प्रगतीचें माप स्त्रियांच्या प्रगतीवरून घ्यावें असें सांगून, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करूं नका, फार मुलें होऊं देऊं नका, आणि पत्नीनें पतीशीं मित्राच्या नात्यानें वागावें, दासीच्या नव्हे, असा उपदेश केला. सुलोचनाबाईंनीं आपल्या अध्यक्षीय भाषणांत संततिनियमनाचा विषय उघडपणें मांडला.

या परिषदेनें जे ठराव केले त्यांची निवड बारकाईनें पाहण्यासारखी आहे. पतीपासून काडीमोड घेण्याचा हक्क पत्नीस कायद्यानें असावा. एकाहून अधिक बायका करण्याची चाल कायद्यानें बंद व्हावी. गिरण्या, बिडीचे कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाकाठीं २१ दिवसांची किरकोळ व एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, दुखापतीची भरपाई मिळावी, आणि २० वर्षें नोकरी झाल्यावर दरमहा १५ रुपये पेन्शन मिळावें. गिरण्यांतील स्त्रियांवर देखरेखीस स्त्रीच असावी. दलित मुलींसाठीं वसतिगृहें काढावींत. विधिमंडळांत व स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांना राखीव जागा असाव्यात. आणि अखेरीस, दलित स्त्रियांचा देशव्यापी संघ स्थापावा.

काडीमोड व बहुपत्नीत्व या दोन विषयांत महिला परिषद व दलित महिला परिषद यांचें मागणें एकच होतें. त्यापुढें मात्र वाटा फुटतात. रजेचे दिवस, पेन्शनचे रुपये, मुकादमाच्या जागीं बाई, हे तपशील ज्यांनीं कधीं हजेरीच्या रांगेंत उभें राहून पाहिलें नाहीं त्यांना सुचणें कठीण होतें. गिरणींत स्त्री-देखरेखनीस पाहिजे या एका ओळींत केवढें दुःख दडलेलें आहे, तें कोणत्याही कामगार बाईस समजावून सांगावें लागत नाहीं. आणि राखीव जागांच्या बाबतींत तर दोघींचीं टोकें परस्परांविरुद्ध होतीं : एकीनें त्या नाकारल्या, दुसरीनें मागितल्या. दोन्हीं भूमिका आपापल्या अनुभवाशीं सुसंगत होत्या.

७. कोणी काय साधलें

आतां दोन्हीं संस्थांचें बळाबळ निःपक्षपातानें पाहूं. दलित महिला परिषदेचें बळ तिच्या संख्येंत व तिच्या मागण्यांच्या नेमकेपणांत होतें. उणीव अशी कीं, तिला वर्षभर चालणारी कचेरी नव्हती, पैसा नव्हता, आणि तिचें कार्य पुरुषांच्या फेडरेशनच्या राजकारणाशीं घट्ट बांधलेलें होतें. ठराव अमलांत आणण्याचा तिचा मार्ग मुख्यतः एकाच व्यक्तीमधून जात होता. ती व्यक्ति असामान्य होती व मजूरखात्यावर होती, म्हणून पुष्कळ कार्य झालें. पण एकाच खांबावर उभ्या असलेल्या मांडवाची मर्यादा त्यालाही होती.

महिला परिषदेचें बळ सातत्यांत होतें. शाखा, स्थायी समिति, दरसालचें अधिवेशन, सरकारी समित्यांपुढें जाण्याची सवय, हें सर्व तिच्यापाशीं होतें. कामगार स्त्रीचा विचार तिनें केलाच नाहीं असेंही नाहीं. युद्धकाळांत १९४३ सालीं सरकारनें मध्यप्रांतासह कांहीं प्रांतांतील कोळशाच्या खाणींत स्त्रियांना भूगर्भांत काम करण्याची बंदी उठविली, तेव्हां महिला परिषदेनें त्याविरुद्ध जोराचा आवाज उठविला. या वेळीं मजूरमंत्री डॉ. आंबेडकर होते, आणि युद्धाच्या निकडीचें समर्थन त्यांना करावें लागलें. पुढें १९४६ मध्यें ती बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे येथें भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते : कामगार स्त्रीच्या बाजूनें सरकारशीं भांडणारी संस्था ती, जिच्यावर आपण वरच्या वर्गाची म्हणून आक्षेप घेतों, आणि सरकारच्या बाजूस उभा राहिलेला मंत्री तो, जो त्याच स्त्रियांचा पुढारी. इतिहासांत असे प्रसंग येतात, आणि त्यांनीं सरसकट निवाड्याची घाई करणाऱ्यास सावध करावें. मात्र भूगर्भांतील कामाच्या या बंदीचा मँगॅनीजच्या उघड्या खाणींत डोक्यावर पाटी घेऊन उन्हांत चालणाऱ्या बाईशीं कांहीं संबंध नव्हता. तिचा प्रश्न दोन्हीं मांडवांच्या बाहेर राहिला.

ज्या ठिकाणीं दोघींचें मागणें एक झालें, तेथें फळ मोठें आलें. हिंदु कायद्याच्या सुधारणेसाठीं नेमलेल्या राव समितीनें १९४५ च्या आरंभीं देशभर फिरून साक्षी घेतल्या. नागपूर हें तिच्या मुक्कामांपैकीं एक होतें. महिला परिषदेनें १९३४ पासून तापविलेलें लोखंड आणि दलित स्त्रियांनीं १९४२ मध्यें नागपुरांत केलेला काडीमोडाचा व एकपत्नीत्वाचा ठराव, हीं दोन्हीं हिंदु कोड बिलांत एकत्र आलीं. तें बिल पुढें नेण्याचें काम स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री या नात्यानें डॉ. आंबेडकरांकडे आलें, आणि तें अडलें म्हणून १९५१ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. १९५५ व १९५६ मध्यें त्याचे भाग निरनिराळ्या कायद्यांच्या रूपानें संमत झाले. घटस्फोट व एकविवाह हे विषय १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत आले.

राखीव जागांच्या वादाचाही काळानेंच निकाल लावला. पंचायती व नगरपालिकांत स्त्रियांसाठीं, आणि त्यांतही दलित व आदिवासी स्त्रियांसाठीं, जागा राखण्याची घटनादुरुस्ती १९९२ मध्यें झाली; लोकसभा व विधानसभांसाठीं तशी दुरुस्ति २०२३ मध्यें. १९४२ मध्यें नागपुरांत हात वर करून संमत झालेलें मागणें घटनेच्या ओळींत येण्यास अर्धें शतक व त्याहून अधिक काळ लागला. खुद्द रामटेकचा लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. त्यापूर्वीं १९९८ मध्यें राणी चित्रलेखा भोसले यांनीं त्याचें प्रतिनिधित्व केलें होतें.

८. समारोप

या सर्वांतून जें निष्पन्न होतें तें थोडक्यांत असें. सभासदांच्या संस्थेचे प्रश्न तिच्या घटनेंतील उद्दिष्टांवरून ठरत नाहींत. तिच्या वहींतील नांवांवरून, विषयनियामक समितींतील खुर्च्यांवरून आणि तिनें स्वतःभोंवतीं घातलेल्या कुंपणावरून ठरतात. कुंपण वाईट असतें असें नाहीं. त्याच्यामुळेंच निरनिराळ्या मतांच्या स्त्रिया एकत्र बसूं शकल्या व शारदा कायद्यासारखें कार्य तडीस गेलें. परंतु कुंपणाच्या बाहेर कोण उभें आहे, हें दरवर्षीं एकदां बाहेर जाऊन पाहिलें पाहिजे. नागपूरच्या परिषदेस तें पाहण्याची संधि तिच्या स्वतःच्या भोजनगृहांत मिळाली होती, आणि ती वांया गेली.

दुसरें असें कीं, फूट ही नेहमींच हानि नसते. १९३८ सालीं दलित स्त्रिया वेगळ्या झाल्या नसत्या, तर रजेचे २१ दिवस आणि पेन्शनचे १५ रुपये कोणत्याही परिषदेच्या कागदावर आले असते असें वाटत नाहीं. वेगळ्या मांडवांत बसून त्यांनीं जें मागितलें, त्यांतील अर्धें पुढें सर्वांचें झालें.

प्रभावतीगुप्तेचें शासन तांब्यावर कोरलें होतें, म्हणून सोळा शतकें टिकलें. जाईबाईंच्या व त्यांच्या सोबतिणींच्या सभांचे कागद मात्र पेट्यांतून, माळ्यांवरून व वाळवीच्या तोंडीं आहेत. रामटेक, कामठी, उमरेड या बाजूच्या जुन्या घरांत पावत्या, हस्तपत्रकें, सभांचीं निमंत्रणें, छायाचित्रें अद्याप असतील. ज्यांच्यापाशीं तीं असतील त्यांनीं तीं जपावींत आणि संशोधकांस दाखवावींत, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.